मीठ आणि रक्तदाब: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रक्तदाब वाढला असल्याचे पहिल्यांदा कळते त्या दिवशी औषधाच्या चिठ्ठीबरोबर बहुतेकांना ‘मीठ कमी करा’ असा तीन शब्दांचा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर असतो, पण अपुरा असतो. किती कमी करायचे, कशातले कमी करायचे, फरक किती दिवसांत दिसायला हवा आणि तो दिसला की नाही हे ठरवायचे कसे, यांपैकी काहीच त्या तीन शब्दांत नसते. मग माणूस वरून घ्यायचे मीठ बंद करतो, दोन आठवडे अळणी जेवतो, कंटाळतो आणि पुन्हा पहिल्या सवयीवर येतो. मधल्या काळात पाव, सॉस आणि बंद पाकिटांतून पोटात जाणारे मीठ मात्र होते तसेच चालू राहिलेले असते. पुढील मजकूर अशा नवख्या वाचकासाठी आहे. त्यात जिभेपेक्षा वजनकाट्यावर, पाकिटावरच्या आकड्यांवर आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर भर दिला आहे, कारण पदार्थ किती खारट लागतो आणि त्यात मीठ किती आहे यांचा मेळ आपण समजतो तितका बसत नाही.

मिठाने दाब कसा वाढतो

जेवणातले मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते, म्हणून १ ग्रॅम मिठातून साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम शरीरात जाते, आणि रक्तदाबाच्या संदर्भात मुख्य लक्ष द्यायचे ते या सोडियमकडे. पेशींबाहेरच्या द्रवातील सोडियमचे प्रमाण शरीर अतिशय काटेकोरपणे राखते. ते वाढू लागले की तहान लागते, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि प्रमाण पुन्हा जागेवर येते. शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सलाइनमध्ये दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते व ते प्रमाण शरीरातील द्रवाशी जवळजवळ जुळणारे असते, एवढे लक्षात घेतले तरी अंदाज येतो: शरीरात ९ ग्रॅम जादा मीठ अडकून राहिले, तर त्याच्यासोबत सुमारे लिटरभर पाणीही अडकून राहते. या पाण्याचा काही भाग रक्तवाहिन्यांत येतो, आणि वाहिन्या तेवढ्याच पण आतला द्रव जास्त, अशी स्थिती झाली की दाब चढतो.

निरोगी मूत्रपिंडे असे जादा मीठ काही दिवसांत बाहेर टाकतात, आणि त्यांच्या या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. ती दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात दीड किलोच्या आसपास मीठ असते आणि त्यातले ९९ टक्क्यांच्या आसपास मीठ पुन्हा शोषून घेतले जाते. लघवीवाटे जाते ते ढोबळमानाने त्या दिवशी खाल्लेल्या मिठाइतकेच. इतक्या मोठ्या उलाढालीत शोषणाचे प्रमाण किंचित जरी बिघडले, तरी रोज थोडेथोडे मीठ शिल्लक पडू लागते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी मांडलेला विचार असा की, दाब वाढला की मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर सोडतात, आणि ज्यांच्या मूत्रपिंडांना नेहमीच्या दाबावर तेवढे मीठ सोडणे जमत नाही त्यांच्या शरीरात आवक व जावक जुळते ती वाढलेल्या दाबाच्या मोबदल्यातच. केवळ द्रव वाढल्यामुळेच सगळे घडते असे मात्र नाही. जास्त सोडियममुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची सैलावण्याची क्षमता घटते आणि काळानुसार वाहिन्या ताठर होतात, हेही दिसून आलेले आहे.

हा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. अमेरिकेतील संशोधक लुईस डाल यांनी १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतील उंदरांचे दोन वंश निवडून वाढवले. एका वंशाचा रक्तदाब खारट आहाराने झपाट्याने चढे, तर दुसऱ्याला त्याच आहाराचे फारसे काही होत नसे. माणसांची अशी दोन गटांत स्वच्छ विभागणी करता येत नाही, पण वय वाढलेल्या, आधीच उच्च रक्तदाब असलेल्या, मधुमेही आणि मूत्रपिंडांचा आजार असलेल्या व्यक्तींमध्ये मिठाची संवेदनशीलता साधारणतः जास्त आढळते. ती एका साध्या रक्तचाचणीने ओळखता येत नाही. म्हणूनच पुढच्या पायऱ्यांची मांडणी स्वतःवर केलेल्या छोट्या, शिस्तबद्ध प्रयोगासारखी केली आहे.

हे खरोखर सिद्ध झाले आहे का

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण ‘मिठाचा बाऊ केला जातो’ असेही ऐकू येते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या १० हजारांहून अधिक लोकांची २४ तासांची लघवी तपासून त्यांच्या मिठाचा अंदाज घेतला गेला. ब्राझीलमधील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच. त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ (वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैलावतानाचा; दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) च्या आसपास होता आणि वयाबरोबर तो वाढत नव्हता. अर्थात त्यांच्या जगण्यात इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय मिठाच्या अभावाला देणे घाईचे ठरेल. अधिक पक्का पुरावा मिळतो तो लोकांना ठरवून दिलेला आहार देऊन केलेल्या चाचण्यांतून. ‘डॅश-सोडियम’ या २००१ मधील चाचणीत ४१२ जणांना सोडियमच्या तीन पातळ्यांचे जेवण प्रत्येकी ३० दिवस पुरवले गेले. नेहमीच्या धाटणीचाच आहार ठेवून फक्त सोडियम वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आणले, तेव्हा रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ६.७ मिलिमीटरने उतरला. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर असलेला आहार व कमी सोडियम अशी जोड दिली, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये एकूण फरक ११.५ मिलिमीटरचा झाला. एका औषधाने पडावा तेवढा हा फरक आहे.

महिनाभर वा त्याहून अधिक चाललेल्या ३४ चाचण्यांचा २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात रोजचे मीठ सरासरी ४.४ ग्रॅमने कमी केल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सुमारे ५.४ ने, तर रक्तदाब सामान्य असलेल्यांचा सुमारे २.४ ने कमी झाल्याचे दिसले. अपेक्षा ठेवायची ती साधारण एवढीच. मीठ कमी केले म्हणजे १७०चा दाब १२० होईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मतभेद आहेत ते मिठाने दाब वाढतो की नाही याविषयी नव्हेत, तर मीठ फारच कमी केल्यास अपाय होतो का, याविषयी आहेत. काही मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत फार कमी सोडियम खाणाऱ्यांमध्येही हृदयविकार अधिक आढळला. त्यांवरचा मुख्य आक्षेप असा की लघवीच्या एकाच नमुन्यावरून सोडियमचा अंदाज करणे विश्वासार्ह नाही आणि आजारी माणसे मुळातच कमी खातात. ज्या अभ्यासांत एकाच व्यक्तीची २४ तासांची लघवी अनेकदा तपासली गेली, त्यांत सोडियमबरोबर धोकाही सरळ चढत जाताना दिसला. माझ्या मते नवख्या वाचकाने या वादात फारसे अडकू नये, कारण जगाची सरासरी दिवसाला सुमारे ११ ग्रॅम मिठाची आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम, अशी आहे. बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न दुपटीवरून खाली येण्याचा असतो. फार खाली जाण्याची भीती त्यांच्यापासून लांबच असते.

पहिली पायरी: मिठाला हात लावण्याआधी रक्तदाब नीट मोजावा

सुरुवातीचा आकडा माहीत नसेल तर पुढे झालेला बदल मोजता येत नाही. दंडावर पट्टा बांधून मोजणारे, प्रमाणित केलेले स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरची यंत्रे हाताच्या स्थितीनुसार सहज चुकतात. पट्टा दंडाच्या मापाचा असणे महत्त्वाचे आहे, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून आणि दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, उघड्या दंडाला पट्टा बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळी (औषध चालू असेल तर ते घेण्यापूर्वी) आणि संध्याकाळी, सात दिवस करावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्या सर्वांची सरासरी काढावी.

घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर ती सर्वसाधारणपणे उच्च मानली जाते. दवाखान्यातील मोजणीसाठी पुष्कळ ठिकाणी १४०/९० ही रेषा धरतात, तर अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती १३०/८० वर आणली. एखादाच आकडा पाहून घाबरू नये वा निश्चिंतही होऊ नये. मात्र दाब १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा अशक्तपणा, बोलणे अडखळणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही सोबत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी: आपण नेमके किती मीठ खातो ते शोधावे

‘आमच्याकडे मीठ कमीच असते’ असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, आणि ते खोटे बोलत असतात असे नाही. जीभ ज्या पातळीला सरावलेली असते ती पातळी तिला कमीच वाटते. यावर साधा उपाय आहे. मिठाचे नवे पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी, ते केवळ स्वयंपाकासाठी वापरावे आणि संपेल त्या दिवशी पुन्हा तारीख पाहावी. पाकिटातील ग्रॅम भागिले दिवस, भागिले जेवणारी माणसे, एवढाच हा हिशेब. उदाहरणार्थ, १ किलोचे पाकीट चार माणसांना ३० दिवस पुरले, तर माणशी दररोज ८ ग्रॅमहून थोडे अधिक मीठ केवळ स्वयंपाकघरातून जाते. उकळून फेकून दिलेल्या पाण्यातले मीठ यातून वजा होते, म्हणून आकडा थोडा ढोबळ राहतो. तरीही मनाच्या अंदाजापेक्षा तो कितीतरी चांगला.

दुसरा भाग बाहेरून येणाऱ्या मिठाचा. तीन दिवस, त्यांतला एक सुट्टीचा, तोंडात जाणारा प्रत्येक तयार पदार्थ वहीत लिहावा: पाव, बिस्किटे, न्याहारीचे तयार धान्यपदार्थ, चीज, सॉस, पाकिटातले सूप, झटपट नूडल्स, खारवलेले मांस व मासे, उपाहारगृहातले जेवण. काही समाजांत तीन-चतुर्थांश मीठ या वाटेने येते, तर जिथे बहुतेक जेवण घरी शिजते तिथे मुख्य वाटा स्वयंपाकघराचा असतो. आपण कोणत्या टोकाला आहोत हे कळले नाही तर श्रम चुकीच्या जागी खर्ची पडतात. ज्याचे ७० टक्के मीठ पाकिटांतून येते त्याने स्वयंपाकातली चिमूट सोडून फारसे काही साधत नाही.

ज्यांना अचूक उत्तर हवे आहे किंवा ज्यांचा दाब औषधांनीही आटोक्यात येत नाही, त्यांनी डॉक्टरांना २४ तासांच्या लघवीतील सोडियमच्या चाचणीबद्दल विचारावे. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडत असल्याने ही चाचणी बरीच खरी ठरते. अहवालात आकडा मिलिमोलमध्ये असतो. १७ मिलिमोल म्हणजे १ ग्रॅम मीठ असे धरावे. १७० मिलिमोल आले तर दिवसाला किमान १० ग्रॅम मीठ पोटात गेले असा त्याचा अर्थ.

तिसरी पायरी: पाकिटावरचे आकडे वाचायला शिकावे

काही पाकिटांवर सोडियम लिहिलेले असते, काहींवर मीठ. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, म्हणजेच दिवसाच्या मर्यादेचा ४० टक्के भाग. त्यानंतर पाहावे ते हा आकडा १०० ग्रॅमचा आहे की ‘एका वाढणी’चा. वाढणी किती ग्रॅमची हे उत्पादक ठरवतो, आणि ती प्रत्यक्षात खाल्ल्या जाणाऱ्या प्रमाणापेक्षा लहान असण्याची शक्यता नेहमीच असते. तुलना करायची तर १०० ग्रॅमच्या आकड्यांचीच करावी. १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर पदार्थ कमी मिठाचा आणि ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जास्त मिठाचा, हा ठोकताळा वापरायला सोपा आहे.

जीभ कशी फसते याचे चांगले उदाहरण पाव आणि बटाट्याचे वेफर्स यांचे आहे. दोन्हींत १०० ग्रॅममागे सोडियम साधारण सारखेच, ४०० ते ५०० मिलिग्रॅमच्या घरात, असू शकते. वेफर्सवरचे मीठ पृष्ठभागावर असल्याने ते थेट जिभेला लागते आणि पदार्थ खारट वाटतो. पावातले मीठ कणकेत विरलेले असते, म्हणून पाव कोणालाच खारट वाटत नाही. शिवाय वेफर्स ३० ग्रॅम खाल्ले जातात आणि पाव रोज, दोन-चार काप, वर्षानुवर्षे. गोड पदार्थही निर्दोष नसतात. बेकरीच्या मालात वापरला जाणारा खाण्याचा सोडा हा सोडियम बायकार्बोनेट असून त्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. घटकांच्या यादीत ‘सोडियम’ हा शब्द कोणत्याही जोडनावात दिसला तरी तो मोजणीत धरावा. ‘मीठ कमी केलेले’ असे पाकिटावर ठळकपणे छापलेले असते तेव्हा ते त्याच पदार्थाच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा कमी असते, एवढाच त्याचा अर्थ. मीठ कमी केलेला सोया सॉसही चांगलाच खारट असतो.

इथे मिठाच्या प्रकारांविषयीचा गैरसमज दूर करायला हवा. समुद्री मीठ, सैंधव, गुलाबी मीठ, खडे मीठ ही सगळी जवळजवळ संपूर्णपणे सोडियम क्लोराइडच असतात, आणि रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांच्यात उल्लेखनीय फरक नाही. त्यांतली खनिजे इतकी अल्प असतात की पोषण म्हणून त्यांना महत्त्व नाही. मीठ कमी वापरायचे असले तरी जे वापरायचे ते आयोडीनयुक्तच असावे, कारण महागड्या मिठांपैकी अनेकांत आयोडीन घातलेले नसते.

चौथी पायरी: कमी करावे, पण उतरणीने

एका दिवसात निम्मे मीठ काढून टाकणारे बहुतेक लोक महिनाभर टिकत नाहीत. चव बदलायला वेळ लागतो. काही आठवडे कमी मिठाचे खाल्ल्यावर जीभ त्या पातळीला सरावते आणि मग जुने जेवण खारट लागू लागते, ही गोष्ट प्रयोगांतूनही दिसून आली आहे. म्हणून दर आठवड्याला साधारण १० ते १५ टक्के कपात करावी. त्यासाठी मीठ हाताने किंवा अंदाजाने टाकण्याची सवय सोडून मोजण्याचा चमचा वापरावा. ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात सुमारे ६ ग्रॅम बारीक मीठ मावते, म्हणजे एका माणसाची संपूर्ण दिवसाची मर्यादा सपाट चमच्याहूनही थोडी कमी आहे. घरात चार माणसे असतील तर दिवसभराच्या स्वयंपाकाचे मीठ सकाळीच मोजून एका वाटीत काढून ठेवावे आणि त्यातूनच वापरावे. संध्याकाळी वाटीत उरलेले किंवा संपून वर घ्यावे लागलेले मीठ हाच त्या दिवसाचा हिशेब.

स्वयंपाकात मीठ शक्यतो शेवटी घालावे, कारण पदार्थात मुरलेल्या मिठापेक्षा वर राहिलेले मीठ जास्त जाणवते आणि थोड्यात भागते. लिंबाचा रस, व्हिनेगर, लसूण, मिरी, भाजलेले मसाले, ताजा सुगंधी पाला यांनी चव उठावदार होते आणि मिठाची उणीव कमी भासते. आंबटपणाचा उपयोग मला यांत सर्वांत भरवशाचा वाटतो. डबाबंद भाज्या किंवा कडधान्ये वापरायची असतील तर त्यांतले पाणी ओतून देऊन ती धुऊन घ्यावीत; त्यामुळे सोडियम बऱ्यापैकी कमी होते. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली ठेवूच नये.

पाकिटांतल्या मिठाविषयी धोरण वेगळे असावे. तिथे थोडेथोडे कमी करणे शक्य नसते, म्हणून वहीतल्या नोंदीतून सर्वाधिक सोडियम देणारे तीन पदार्थ शोधावेत आणि फक्त त्यांच्यावर काम करावे: एक बंद करावा, एकाऐवजी कमी सोडियमचा प्रकार निवडावा आणि एकाचे प्रमाण निम्मे करावे. उपाहारगृहात मिठाचे प्रमाण आपल्या हाती नसते. सॉस वेगळा मागवणे आणि सूप टाळणे यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

पाचवी पायरी: पोटॅशियमची बाजू सांभाळावी

मूत्रपिंडांनी सोडियम सोडावे यासाठी पोटॅशियम मदत करते, त्यामुळे सोडियम कमी करणे आणि पोटॅशियम वाढवणे या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. प्रौढांनी दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि ते फळे, भाज्या, कडधान्ये, बटाटे, दूध-दही यांतून मिळते.

काही मिठांत सोडियम क्लोराइडचा एक भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका मोठ्या चाचणीत ६०० खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांचा समावेश होता. त्यांना पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा ते ६० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे असून त्यांचा रक्तदाब उच्च होता. ज्या खेड्यांत ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले, तिथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये अशा मिठाच्या बाजूने शिफारस केली, पण मूत्रपिंडांचा आजार असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना तिच्यातून वगळले.

ही अट गांभीर्याने घ्यावी. मूत्रपिंडे कमजोर असतील तर पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. रक्तदाबाचीच काही औषधे, विशेषतः नावाच्या शेवटी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ असलेली आणि स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढवतात. त्यांपैकी काही चालू असेल तर असे मीठ घरात आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासून घ्यावे. घरातील एकासाठी योग्य असलेले मीठ त्याच स्वयंपाकातून जेवणाऱ्या दुसऱ्यासाठी अपायकारक असू शकते, हे अनेकदा विसरले जाते.

सहावी पायरी: औषधांच्या डब्यात डोकावावे

पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांत सोडियम बरेच असते. अशा ५०० मिलिग्रॅमच्या एका पॅरासिटामॉल गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकते, म्हणजे दिवसाला पाच गोळ्यांतच मर्यादा संपते. साध्या गोळीत हा प्रश्न नसतो. आम्लपित्तासाठी घेतली जाणारी सोडायुक्त चूर्णे याच प्रकारात मोडतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांत सोडियम नसले तरी ती मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतात आणि दाब वाढवतात.

काहींनी मीठ कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोलले पाहिजे. लिथियम हे मानसिक आजारांवरचे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत मीठ एकदम घटवल्यास लिथियमची रक्तातील पातळी विषारी होण्याइतकी चढू शकते. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी) पुरेशी संप्रेरके तयार करत नाहीत तेव्हा, शरीर मीठ टिकवू शकत नाही. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे घेणाऱ्या वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम फार घसरून ग्लानी, गोंधळ आणि तोल जाणे असे प्रकार होतात. उन्हात अंगमेहनतीचे काम करून तासन्‌तास घाम गाळणाऱ्यांनाही सरसकट नियम लावू नये.

सातवी पायरी: चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे

ठरवलेली पातळी गाठल्यावर चार आठवडे ती टिकवावी आणि पहिल्या पायरीप्रमाणेच, त्याच यंत्राने, त्याच वेळांना सात दिवस मोजून सरासरी काढावी. फरक खरे तर याआधीच दिसू लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत मध्यम व उतारवयातील २१३ जणांनी एक आठवडा जास्त आणि एक आठवडा अतिशय कमी सोडियमचा आहार घेतला, तेव्हा दोन आठवड्यांतील वरच्या आकड्यात सरासरी ८ मिलिमीटरचा फरक पडला. तरीही चार आठवडे थांबणे बरे, कारण पहिल्या उत्साहात पाळलेला आणि नंतर सैल झालेला आहार यांतील फरक तोवर उघड होतो.

सरासरी उतरली असेल तर मीठ आहे तिथेच ठेवून नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. औषध आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये. उभे राहताना चक्कर येऊ लागली, तर मात्र भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये, कारण कमी मिठाच्या आहाराने औषधांचा परिणाम वाढतो आणि मात्रा कमी करावी लागू शकते.

सरासरी हलली नसेल तर दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे मीठ वाटले तेवढे कमी झालेलेच नाही, आणि माझा पहिला संशय नेहमी हाच असतो. २४ तासांच्या लघवीच्या चाचणीने त्याचा निकाल लागतो. दुसरी म्हणजे दाबाचे कारण अन्यत्र आहे: वाढलेले वजन, मद्यपान, झोपेत श्वास अडकणे, मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद होणे किंवा अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन (मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावणारे संप्रेरक) जास्त स्रवणे. तीन किंवा अधिक औषधे घेऊनही दाब चढाच राहत असेल तर शेवटच्या कारणाची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे. अशा हट्टी रक्तदाबाच्या रुग्णांत मिठाचा प्रभाव अनेकदा उलट सर्वांत मोठा असतो. २००९ मधील १२ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत जास्त मिठाच्या आठवड्याच्या तुलनेत कमी मिठाच्या आठवड्यात वरचा आकडा सरासरी २२.७ मिलिमीटरने कमी होता.

डॉक्टरांनी औषध बदलले किंवा मात्रा कमी केली, तर त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी सात दिवसांची नोंद पुन्हा करावी, आणि दाब स्थिर झाल्यावर ती दर दोन-तीन महिन्यांनी करत राहावी. मिठाच्या पाकिटावरची तारीख मात्र प्रत्येक वेळी लिहावी.